नोंदवहीतील वेग ४.४०, प्रत्यक्ष वेग ०.७९

प्रति,
मा. अधिकारी,
साहाय्यक उपकरणे वाटप व पडताळणी कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : लाभार्थी क्र. २१८ यांच्या लॅपटॉपचा प्रोसेसर नोंदवहीपेक्षा हळू आढळल्याच्या कारणावरून जमा करून घेतलेला लॅपटॉप परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. २० ऑगस्ट. २) माझा खुलासा, दि. २४ ऑगस्ट. ३) आपले उत्तर, दि. ५ सप्टेंबर. ४) फेरपडताळणी, दि. १८ सप्टेंबर. ५) जमा पावती, दि. २९ सप्टेंबर. ६) त्यानंतरचे माझे चार अर्ज. त्यांची पोच आहे, उत्तर नाही.

महोदय,

१. मी लाभार्थी क्र. २१८ हिचा पती. वय वर्षे अडुसष्ट. छत्तीस वर्षे दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केले, आता घरी असतो. मोजमापाशी माझे वैर नाही, हे आरंभीच नमूद करतो. काट्यात पाच ग्रॅमची खोट निघाली तर तो काटा दुकानात परत जाऊ द्यायचा नाही, या शिस्तीत माझे आयुष्य गेले. त्यामुळे आपल्या कार्यालयाने मोजमाप केले याची मला तक्रार नाही. ते केव्हा केले, याची आहे.

२. माझी पत्नी शिवणकामाचे वर्ग चालवीत असे. एका वेळी चौदा मुली, सात मशिनी आणि त्या सगळ्यांच्या वर तिचा आवाज. चार वर्षांपूर्वी तिला असा आजार झाला की शरीराचे स्नायू एकेक करून काम सोडतात. प्रथम हात गेले, मग पाय, मग जीभ. बुद्धी, कान, स्मरणशक्ती आणि राग हे सर्व पूर्वीप्रमाणे चालू आहे. आज ती फक्त डोळे हलवू शकते. आपल्या कार्यालयाने दोन वर्षांपूर्वी तिला जो लॅपटॉप दिला, त्याचा कॅमेरा तिच्या बुबुळांवर नजर ठेवतो. ती पडद्यावरच्या एकेका अक्षराकडे पाहते, शब्द लिहिला जातो, आणि शेवटी ती "बोला" या चौकोनाकडे पाहते तेव्हा मशीन ते मोठ्याने म्हणते. आवाज बाईचा आहे, पण तिचा नाही. पहिले आठ दिवस मला ते परक्या बाईशी संसार केल्यासारखे वाटले. नंतर सवय झाली. भांडण तिचेच होते.

३. सदर लॅपटॉप देताना आपण योग्य तोच प्रोसेसर निवडला, याबद्दल मी ऋणी आहे. त्यापूर्वी आम्ही एक जुना लॅपटॉप वापरून पाहिला होता. त्यात कॅमेरा, अक्षरे आणि आवाज एकाच वेळी पेलायची ताकद नव्हती. ती एका अक्षराकडे पाही आणि खूण दुसऱ्यावरच जाऊन बसे. आपण दिलेल्या लॅपटॉपच्या खोक्यात प्रोसेसरचे माहितीपत्रक होते. त्यात त्या प्रोसेसरचे सबंध कुटुंब दिलेले आहे. धाकटा, मधला आणि थोरला असे तिघे, आणि प्रत्येकासमोर कोअर किती, थ्रेड किती, वीज किती, वेग किती यांचा तक्ता. आमचा मधला. त्याचे कोअर दहा, थ्रेड बारा, वीज साधारणपणे पंधरा वॅट आणि वेग "४.४० गिगाहर्ट्झपर्यंत".

४. आपल्या साठा नोंदवहीत वेगाचा रकाना एकच आणि अरुंद आहे. वाटपाच्या वेळी संबंधित लिपिकांनी तक्त्यातील सर्वांत मोठा आकडा उचलला आणि "४.४०" असे लिहिले. यात त्यांचा काही वाईट हेतू होता असे मी म्हणत नाही. चांगली गोष्ट मोठ्या आकड्याने लिहावी असे कोणालाही वाटते.

५. दि. १२ ऑगस्ट रोजी पडताळणी निरीक्षक आमच्या घरी आले. अत्यंत सभ्य गृहस्थ. पायातील चपला बाहेर काढल्या, पाणी घेतले. मात्र त्यांनी पत्नीच्या पलंगाशेजारी उभे राहून मला विचारले, "यांना काही कळतं का?" महोदय, हा प्रश्न तिला विचारला असता तर त्यांना उत्तर मिळाले असते आणि ते बरेच दिवस लक्षात राहिले असते. पण प्रश्न मला विचारला गेला. तिने डोळे मिटून घेतले. पूर्वी राग आला की ती स्वयंपाकघरात जाऊन दार आपटत असे. आता आपटायला पापण्यांखेरीज काही उरलेले नाही. तिने डोळे मिटले म्हणजे कॅमेऱ्याला पाहायला काही उरत नाही. कॅमेऱ्याला काम नाही म्हणजे प्रोसेसरला काम नाही. आणि काम नसताना हे प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी आपण होऊन हळू होतात. त्याच क्षणी निरीक्षकांनी वेग दाखवणारी खिडकी उघडली. तेथे ०.७९ दिसले.

६. निरीक्षकांनी "वेगात ३.६१ ची घट" असे नोंदवले. त्याच खिडकीत बारा चौकोन दिसत होते आणि नोंदवहीत कोअर दहा होते. म्हणून "विनानोंद दोन नग जास्त" असेही नोंदवले. एकाच वस्तूत एकाच दिवशी तूटही आणि वाढही आढळल्यामुळे ते स्वतःच काहीसे चक्रावले. त्यांनी मला विचारले की जास्तीचे दोन कोठून आणले. मी म्हणालो की आणले नाहीत, ते आतच होते. ते वाक्यही त्यांनी माझा जबाब म्हणून लिहून घेतले. आता वाचून पाहता ते कबुलीजबाबासारखे दिसते.

७. माझ्या दि. २४ ऑगस्टच्या खुलाशात मी दोन्ही बाबींचे स्पष्टीकरण दिले होते. पुन्हा देतो. दहा कोअर म्हणजे दहा कामगार समजावेत. त्यांतले दोन मोठे आहेत आणि ते एका वेळी दोन-दोन कामे हाती घेतात. उरलेले आठ लहान, ते एकेकच घेतात. म्हणून कामगार दहा आणि चालू कामे बारा. खिडकी कामे दाखवते, माणसे नव्हे. वेगाविषयी मी माझ्या धंद्यातला दाखला दिला होता. काट्याच्या पारड्यात काही नसेल तर काटा शून्य दाखवतो. छत्तीस वर्षांत एकाही निरीक्षकाने रिकामा काटा पाहून तो बिघडला असे लिहिलेले मला माहीत नाही. पारड्यात वजन टाकून मग पाहतात. यावर दि. ५ सप्टेंबरला आपले उत्तर आले की, "नोंदवहीत नमूद मालमत्तेचे परिमाण वापरानुसार कमीजास्त होणे नियमात बसत नाही." मी ते उत्तर तीनदा वाचले. पत्नीला वाचून दाखवले. ती मशीनमधून म्हणाली, "त्यांना सांगा, माझंही होतं."

८. तरीही आपण फेरपडताळणी मंजूर केली. त्या दिवशी मी पत्नीला सकाळपासून समजावले की राग गिळ आणि डोळे उघडे ठेव. निरीक्षक वेग पाहत असताना तू सारखी बोलत राहा. ती म्हणाली, काय बोलू. मी म्हणालो, काहीही. ती वर्गातल्या मुलींना शिकवीत असे तसे ब्लाउजचे माप कसे घ्यावे ते सांगू लागली. छाती, कंबर, खांदा, बाहीची उंची. निरीक्षक समोर वही घेऊन बसले. वेग ३.८७ झाला, ४.१२ झाला, ४.३८ झाला. ४.३८ वर त्यांनी मान हलवली, दोन शतांश कमी पडतात म्हणाले. पत्नीने मापे थांबवली आणि मशीन म्हणाले, "थांबा. मला जरा चिडू द्या." आणि तेव्हा, महोदय, ४.४० दिसले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. पण निरीक्षक आधीचा आकडा लिहिण्यासाठी वहीत वाकले होते. त्यांनी मान वर केली तोवर तो ३.९१ वर आला होता. आपण जे पाहिले नाही ते लिहिता येत नाही, असे ते म्हणाले. तत्त्व म्हणून ते बरोबर आहे. मीही काट्यांच्या बाबतीत तसेच वागत आलो. पण त्या दिवशी मला रडू आले.

९. त्यानंतर "वेग अस्थिर" असा शेरा होऊन लॅपटॉप आठ दिवसांच्या निरीक्षणासाठी जमा करण्याचा आदेश निघाला. दि. २९ सप्टेंबर रोजी दुपारी आपले दोन कर्मचारी आले. त्या वेळी पत्नी मशीनवर काही लिहीत होती. मी बाहेरच्या खोलीत होतो. आदेशात "आहे त्या स्थितीत" असे शब्द होते म्हणून कर्मचाऱ्यांनी काही बंद केले नाही, काही मिटवले नाही. पडदा तसाच उघडा ठेवून आणि चार्जर सोबत घेऊन ते गेले. तिचे डोळे त्यांच्या पाठोपाठ दारापर्यंत गेले. मी तिला म्हटले, "आठच दिवस." आज बेचाळिसावा दिवस आहे.

१०. निरीक्षणाची पद्धत अशी असल्याचे समजते. आपले भांडारपाल कामकाजाच्या दिवशी अकरा, दोन व पाच वाजता कपाट उघडतात, लॅपटॉपच्या कोपऱ्यातील खिडकी पाहतात आणि आकडा लिहितात. लॅपटॉप चार्जरला जोडून चालूच ठेवलेला असतो, पण कपाटात त्याच्यासमोर कोणाचे डोळे नाहीत. त्यामुळे आकडा नेहमी ०.७९ येतो. "वेगात सुधारणा नाही, सबब निरीक्षण पुढे चालू" असा शेरा दर आठवड्याला होतो. म्हणजे ती बोलेपर्यंत वेग येणार नाही आणि वेग येईपर्यंत तिला बोलायला मिळणार नाही. या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला. मला यातून वाट सापडत नाही. आपल्याला सापडत असल्यास कृपया कळवावे.

११. आता घरची स्थिती. लॅपटॉप नसताना आम्ही अक्षरांचे कार्ड वापरतो. पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा आहे, त्यावर अक्षरे. मी तो आमच्या दोघांच्या मध्ये धरतो. ती एका अक्षराकडे पाहते, मी पलीकडून तिची नजर कोठे आहे ते ओळखतो आणि अक्षर मोठ्याने म्हणतो. बरोबर असेल तर ती डोळे मिटते. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि पत्रा धरून हात कापू लागतो. एका वाक्याला अर्धा तास लागतो. थोडक्यात, सध्या तिचे मशीन मी आहे, आणि माझा वेग कोणत्याही नोंदवहीत लिहिण्याच्या लायकीचा नाही.

१२. शिवाय मला एक खोड आहे. ती येथे लिहिताना लाज वाटते, पण लपवली तर अर्ज अपुरा राहील. मी तिची वाक्ये पुरी करतो. दोन-तीन अक्षरे झाली की मला वाटते कळले, आणि मी उरलेले म्हणून टाकतो. लग्न झाल्यापासून हे असेच आहे. लॅपटॉपमध्ये पुढचा शब्द सुचवण्याची सोय होती. ती तिने पहिल्याच दिवशी बंद करून घेतली आणि म्हणाली, "घरात एक आहे तेवढा पुरे." तेव्हा आम्ही दोघेही हसलो होतो, म्हणजे ती डोळ्यांनी हसली होती. लॅपटॉपसमोर मला गप्प बसावे लागे, कारण ती "बोला" म्हणेपर्यंत पडदा तिच्याकडे असे. कार्ड धरले की मी पुन्हा सुरू होतो. तिने पाण्याबद्दल काही म्हणायला घेतले की मी पेला आणतो, मग कळते की पाणी नको होते, पाण्याची टाकी भरून वाहते आहे हे सांगायचे होते. गेल्या तीन आठवड्यांत तिने लांब वाक्ये सोडूनच दिली. आता फक्त पाणी, कूस, पुरे. डॉक्टर म्हणतात की डोळ्यांचे स्नायू आतापर्यंत टिकले हेच विशेष, वर्षअखेरपर्यंत टिकतील असे धरून चालावे, पुढचे सांगता येत नाही. वर्ष संपायला आजपासून एकावन्न दिवस आहेत.

१३. वरील परिस्थितीत मी पुढीलपैकी कोणतीही एक विनंती मान्य व्हावी अशी प्रार्थना करणार होतो :
(अ) लॅपटॉप परत द्यावा.
(आ) ते शक्य नसल्यास आकडे पत्नीच्या उपस्थितीत घ्यावेत. आपले भांडार दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. पायऱ्या एक्केचाळीस आहेत, मी मोजल्या. चाकाची खुर्ची उचलायला चार माणसे मी आणीन.
(इ) तेही शक्य नसल्यास नोंदवहीतील ४.४० च्या पुढे "पर्यंत" हा एक शब्द लिहावा. रकान्यात जागा नसल्यास मी बारीक अक्षरात लिहून देईन. काट्यांवर खुणा कोरण्याचा मला सराव आहे.
(ई) अगदीच काही न जमल्यास, जास्तीचे आढळलेले दोन नग कार्यालयाने ठेवून घ्यावेत आणि उरलेले दहा आम्हाला द्यावेत. हे कसे करतात ते मला माहीत नाही, पण ते काढता आले तर काढावेत.

१४. हा अर्ज येथपर्यंत मी गेल्या गुरुवारी लिहून ठेवला होता, आज फक्त दिवसांचे आकडे दुरुस्त केले. शुक्रवारी, म्हणजे ७ नोव्हेंबरला, मी तुमच्या कार्यालयातून निरीक्षणाच्या तक्त्याची प्रमाणित प्रत घेतली. अर्जाला जोडावी एवढाच हेतू होता. घरी आल्यावर पत्नीच्या शेजारी बसून पाने चाळली. एकूण चौऱ्याऐंशी नोंदी, आणि चौऱ्याऐंशी वेळा ०.७९. तुमचे भांडारपाल फार काटेकोर गृहस्थ आहेत. तक्त्यात शेवटी शेऱ्याचा रकाना आहे आणि पहिल्या दिवशी अकरा वाजता त्यांनी त्यात, पडद्यावर जे दिसले ते, जसेच्या तसे उतरवून घेतले आहे. ते असे :

"पडद्यावर मजकूर आढळला : तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी दवाखान्यातून येताना तुम्ही म्हणालात ते मला म्हणायचं नव्हतं. मी"

त्याखाली त्र्याऐंशी वेळा "वरीलप्रमाणे" असे लिहिलेले आहे.

१५. महोदय, याचा खुलासा आपल्याला करणे भाग आहे. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, त्या दिवशी आम्ही दवाखान्यातून रिक्षाने घरी येत होतो. तेव्हा तिची जीभ थोडी जड झाली होती, पण बोलता येत होते. वाटेत ती "मी" म्हणाली आणि शब्द जुळवायला थांबली. मी नेहमीप्रमाणे पुढचे म्हणून टाकले : "मी आहे ना, घाबरू नका, असंच ना?" तिने माझ्याकडे पाहिले आणि मग रस्त्याकडे पाहू लागली. ती हो म्हणाली नव्हती, हे मला आता आठवते. गेली चार वर्षे मी त्या वाक्यावर जगलो. रात्रंदिवस कूस बदलताना, नळीतून अन्न देताना, मला वाटे की ती एवढी आजारी असून पहिला धीर तिने मला दिला. ते वाक्य तिचे नव्हतेच. ते माझे होते.

१६. मी त्याच संध्याकाळी कार्ड धरून बसलो. म्हटले, सांग, मी मध्ये बोलणार नाही. तिने कार्डाकडे पाहिलेच नाही. मी पुन्हा शपथ घातली. तेव्हा तिने अक्षरे दाखवायला सुरुवात केली, आणि मी एकही अक्षर स्वतःहून न घालता ती लिहून घेतली. पस्तीस मिनिटांनी एवढे झाले : "तुमच्या आवाजात नाही." महोदय, मला तिचे म्हणणे कळते. कार्डावर तिचे प्रत्येक अक्षर माझ्या तोंडून निघते. हे वाक्य एकदा माझ्या तोंडून निघून बिघडलेले आहे. ते पुन्हा तेथून जाऊ द्यायला ती तयार नाही. ती "मी" हे अक्षर घेऊन तुमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटाशी थांबलेली आहे.

१७. सबब परिच्छेद १३ मधील माझ्या सर्व विनंत्या मी मागे घेतो. लॅपटॉप परत देऊ नये. दोन नग जास्त आणि ३.६१ कमी, दोन्ही मला मान्य. माझा जबाब कबुलीजबाब समजावा. फक्त एकच करावे. तो लॅपटॉप आहे त्या स्थितीत, पडदा न मिटता, चार्जर न काढता, एक दिवस अर्धा तास आमच्या घरी आणून तिच्यासमोर ठेवावा. आपले निरीक्षक सोबत असावेत, त्यांनी खुशाल वेग मोजावा. मी बाहेरच्या खोलीत बसेन आणि मशीन बोलेपर्यंत तोंड उघडणार नाही, तसे प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे. तिचे झाले की लॅपटॉप परत न्यावा.

तोपर्यंत भांडारपालांना एवढी समज द्यावी की त्यांनी तो चुकूनही बंद करू नये. आणि ती बोलेल तेव्हा वेग जो येईल तो नोंदवहीत अवश्य लिहावा, पण ती काय बोलली ते शेऱ्याच्या रकान्यात लिहू नये.

आपल्या उत्तराची नव्हे, लॅपटॉपची वाट पाहणारा,
आपला नम्र,

(सही)
लाभार्थी क्र. २१८ हिचा पती
दिनांक : १० नोव्हेंबर

सोबत जोडलेली कागदपत्रे :
१. प्रोसेसर कुटुंबाचे माहितीपत्रक. मधल्याच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे.
२. डॉक्टरांचे प्रमाणपत्र.
३. निरीक्षण तक्त्याची प्रमाणित प्रत, नोंदी चौऱ्याऐंशी.
४. मध्ये न बोलण्याचे प्रतिज्ञापत्र. साक्षीदार म्हणून पत्नीने डोळे मिटून संमती दिली. त्यासाठी तिने थोडा वेळ घेतला.